रॅबिट, कुकर आणि खिशातला लोहचुंबक

जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या मानाने जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते, हे आता शाळेतली पोरंही घडाघडा म्हणून दाखवतात. एक किलो नवा धातू काढायचा तर चारेक किलो बॉक्साइट खणायचा आणि वर 14-15 युनिट वीज जाळायची. मोडीतल्या पातेल्याला फक्त भट्टी हवी, तीही 660 अंशांच्या थोडी वर. सगळं खरं. पण महाड-पोलादपूरच्या भंगाराच्या काट्याजवळ बसलात, तर यातला एकही आकडा कानावर पडत नाही. तिथे चालतात दोनच गोष्टी, भाव आणि संशय. धातू भट्टीपर्यंत पोहोचतो तो या दोघांच्या बळावर. पर्यावरण त्यानंतर येतं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला.

संशयाचा नमुना म्हणून पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली एक आजी घ्या. भाताचं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं मोडीत द्यायला आली. बुडाला चुलीच्या काजळीचा आणि मातीचा चांगला बोटभर थर. भंगारवाल्या शेटने पातेलं उलटं करून ठोकायला हातोडी उचलली, तशी आजी म्हणाली, ‘‘ठोक बाबा, पण आधी तुझा काटा ठोक.’’ येताना ती वाण्याकडे पातेलं वजन करून आली होती. शेटच्या काट्यावर ते पावणेदोनशे ग्रॅमने हलकं भरत होतं. शेटने हातोडी खाली ठेवली, आजीने वाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि पातेलं काजळीसकट गेलं.

भंगारवाल्याचं खरं हत्यार काटा नव्हे, खिशातला लोहचुंबक. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पुढची बोलणी. या एका नियमावर धंदा चालतो, आणि या नियमानेच एकाला गंडवलंही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, दक्षिण रायगडात विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं अंधारात बसली. तारा शेतात, बागेत, वहाळात लोळत होत्या. आता या तारांची एक गंमत. वायरमन मंडळी त्यांना जाडीनुसार प्राण्यांच्या नावांनी ओळखतात. विलायती मापांची ती नावं: स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग. त्यामुळे ‘‘साहेब, रात्री रॅबिट गेला’’ अशी तक्रार कानावर आली, तर नवख्या हवालदाराने कोंबड्यांच्या खुराड्याची चौकशी केली म्हणून हसू नये.

तर असाच एक गेलेला रॅबिट घेऊन एक पोरगा अंधारात भंगाराच्या दुकानी आला. रॅबिटच्या पोटात एक पोलादी तार असते आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या सहा. शेटने लोहचुंबक लावला, तो चिकटला. ‘‘लोखंड आहे,’’ शेट निर्विकारपणे म्हणाला. पोराला लोखंडाचा भाव मिळाला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत चिल्लर. पोराची खात्री पटली, कारण लोहचुंबक खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी शेट तारा उलगडायला बसला तेवढ्यात चोरीचा माल शोधत पोलीस आले. लोखंडाच्या भावात घेतलेला माल अ‍ॅल्युमिनियम म्हणून जप्त झाला.

आता पुराकडे येतो, कारण महाडचा खरा किस्सा पाण्याचा आहे. 22 जुलै 2021 च्या रात्री सावित्री आणि गांधारी नद्या गावात शिरल्या, बाजारपेठ बुडाली. ती हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर घरोघरचे कुकर, कढया, परातींचे ढीग चिखलासकट रस्त्यावर आले, आणि भंगारवाल्यांनी आयुष्यात पाहिली नसेल एवढी आवक आठवडाभरात झाली. बाहेरून वाटतं, चांदीच झाली असणार. आतली गोष्ट निराळी. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमखाली घोटभर पाणी अडकलं, तर त्याची क्षणात वाफ होते आणि भट्टीतला रस बंदुकीसारखा वर उडतो. बंद भांडं, चेपलेला डबा, खिडकीची पोकळ पट्टी, झाकण अडकलेला कुकर, यांच्यात चिखल असला तर भट्टीवाला चार हात लांब पळतो. मुंबईच्या बाजूच्या एका भट्टीवाल्याने तर महाडचं नाव ऐकताच टेम्पो गेटवरच अडवला. मग घासाघीस सुरू झाली. शेट म्हणे माल सुका आहे, भट्टीवाला म्हणे घट धरतो. शेवटी ठरलं की प्रत्येक कुकर त्याच्यासमोर उघडून दाखवायचा. पाचव्या की सहाव्या कुकरचं झाकण निघेना. दोघांनी जोर लावला, झाकण निघालं आणि आत चिखल नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा होत्या. त्या क्षणापासून उरलेले सगळे कुकर उघडायला भट्टीवाला स्वतः पुढे झाला. शेटने त्याला एकही उघडू दिला नाही, अख्खा टेम्पो परत महाडला नेला आणि पुढे दिवाळीपर्यंत कुकर एकेक करून उघडले. बाकी सगळ्यांत चिखलच होता. नोटांच्या मूळ मालकीणबाईंनी मात्र कुकर ओळखला, नोटाही मोजून घेतल्या आणि वर कुकरचा मोडीचा भाव मागितला.

पाण्याचं वैर भट्टीबाहेरही सुटत नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळवलं की वर राखाडी मळ साठतो, धंद्यात त्याला ड्रॉस म्हणतात. तो पावसात भिजला की त्यातून अमोनिया सुटतो, नाक धरायला लावणारा. औद्योगिक वसाहतीच्या आसपास एका पावसाळ्यात असाच वास सुटला आणि गाव रासायनिक कारखान्यांवर चालून जायच्या बेतात होतं. कारखान्यांच्या नशिबाने कुणीतरी वासामागे चालत गेलं. वास निघाला एका पत्र्याच्या शेडमागच्या ओल्या ढिगातून, आणि शेड होती मोर्चाच्या पुढाऱ्याच्या मेहुण्याची. मोर्चा रद्द झाला. कारण पाऊस असं सांगण्यात आलं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

मोठ्या कारखान्याची हुलकावणी कोकणाला जुनीच. बाल्को या सरकारी कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम प्रकल्पासाठी रत्नागिरीत जमीन घेतली गेली. प्रकल्प काही उभा राहिला नाही. नव्वदच्या दशकात तिथेच स्टरलाइट कंपनी तांब्याचा प्रकल्प घेऊन आली, लोकांनी आंदोलन केलं आणि ती तुतिकोरिनला गेली. या सगळ्या काळात कोकणात अ‍ॅल्युमिनियमचा धंदा अखंड चालू ठेवला तो हातगाडीवाल्यांनी, त्यांना कुणी जमीन दिली नाही तरी.

हातगाडीच्या वरची पायरी म्हणजे महामार्गाकडेची दुकानं. यातल्या दोन दुकानदारांचं पिढीजात वैर होतं, माल ‘पुर्जा’, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची ओतीव कवचं. कशेडी घाट चढताना कण्हणाऱ्या ट्रकांच्या कृपेने पुर्ज्याला तोटा नव्हता. एकाने भाव दोन रुपयांनी चढवला की दुसरा रात्रीतून तीन चढवायचा. 2023 च्या गणपतीआधी कशेडीचा बोगदा एका बाजूने सुरू झाला आणि पुढे पुर्ज्याची आवक घटली. तेव्हा दोघांनी खर्च वाचवायला एकच टेम्पो केला. टेम्पो मुंबईत कुंभारवाड्याला पोहोचला आणि कळलं की दोघंही इतकी वर्षं एकाच व्यापाऱ्याला माल देत होते. एकमेकांचा भाव फोडत होता तोच.

आणि शेवटी एका किल्ल्यावरच्या स्वच्छता मोहिमेची गोष्ट. पोरांनी दिवसभर राबून पोती भरली, फोटो काढले, आणि त्यांच्या म्होरक्याने भाषणात सांगितलं की लोक सुधारले, बघा, शीतपेयांचा एकही डबा सापडला नाही. सापडणार कसा? किलोला सत्तरेक डबे लागतात, ते गोळा करायला पायथ्याचा एक काका पहाटेच गड चढून उतरला होता. पोत्यांत उरली होती वेफर्स आणि गुटख्याची चंदेरी पाकिटं. पोरांना वाटलं, हेही अ‍ॅल्युमिनियमच. भंगारवाल्याने एक पाकीट मुठीत चुरगळलं आणि मूठ उघडली. अ‍ॅल्युमिनियमचा खरा कागद चुरगळलेलाच राहतो. हे पाकीट हळूहळू फुलून उभं राहिलं, कारण ते प्लॅस्टिक, धातूचा त्याला नुसता मुलामा. ‘‘याचा भाव काय?’’ म्होरक्याने विचारलं. ‘‘आहे ना,’’ भंगारवाला म्हणाला, ‘‘पोत्यामागे वीस रुपये. तुम्ही द्यायचे.’’