आकड्यांनी कोरलेली सही

समजा, तुमच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवणाऱ्या गुरुजींचे निधन झाले आहे. जुन्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही सापडते. पहिले अक्षर ठसठशीत, पुढची अक्षरे घाईची आणि शेवटी उजवीकडे गेलेली एक लांबलचक शेपटी! तुम्ही मुले मिळून ठरवता, की गुरुजींच्या घरी एक सागवानी फळी भेट द्यायची आणि तिच्यावर हीच सही कोरायची. छापील वळणाची अक्षरे नकोत, त्यांच्या हातचीच हवीत.

नक्षीकाम जाणणारा सुतार पटाशीने हे काम सुंदर करील, यात शंका नाही. पण त्याच्या हाताचेही स्वतःचे एक वळण असते, आणि ते थोडेफार सहीत उतरतेच. आज पुष्कळ गावांत देव्हारे, दारे आणि पलंगांवरची नक्षी कोरणारी सी.एन.सी. यंत्रे आली आहेत. 'कॉम्प्युटर न्यूमेरिकल कंट्रोल' या शब्दांचे हे लघुरूप आहे. म्हणजे संगणकाने आकड्यांच्या साहाय्याने केलेले नियंत्रण. या यंत्राला अक्षर ओळखता येत नाही. मग गुरुजींची सही ते कशी काढते?

आलेखकागद तुमच्या परिचयाचा आहे. त्यावरचा कोणताही बिंदू दोन निर्देशकांनी सांगता येतो. यंत्राच्या टेबलाला असेच एक्स आणि वाय हे दोन अक्ष असतात, आणि कोरणारे पाते वर-खाली होते तो तिसरा, झेड अक्ष. प्रत्येक अक्षाला एक मोटर आणि तिला जोडलेला लांब स्क्रू असतो. पुष्कळ यंत्रांतली ही मोटर सलग न फिरता पावलापावलाने फिरते. एका फेऱ्याची २०० पावले आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरक, असे धरा. भागाकार केलात तर एका पावलाला ०.०२५ मिलिमीटर येतात.

ही युक्ती लाकडासाठी निघालेली नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या उद्योगात होते. पात्याचा वक्र आकार अचूक यावा म्हणून त्यांनी वक्रावरच्या बिंदूंचे आकडे काढून त्यांनुसार धातू कापण्याची कल्पना मांडली. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत तसे यंत्र तयार झाले आणि १९५२ साली त्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. त्याला आकडे पुरवले जात ते भोके पाडलेल्या कागदी फितीवरून.

आता सहीकडे वळू. प्रगतिपुस्तकाचे ते पान प्रतिमेच्या रूपाने संगणकात घेतात. संगणक शाईच्या कडा शोधतो आणि त्या वक्रांचे लहान लहान सरळ तुकडे करतो. वळण गोल असताना तुकडे सरळ कसे चालतील, असे तुम्ही विचाराल. १० मिलिमीटर त्रिज्येच्या चापावर अर्ध्या मिलिमीटरची जीवा काढली, तर चाप आणि जीवा यांतले जास्तीत जास्त अंतर ०.००३ मिलिमीटरच भरते. ते डोळ्यांना दिसणे शक्य नाही.

खरी गंमत पुढे आहे. सहीची रेघ कोठे जाड असते, कोठे बारीक. गोल दांड्यासारखे पाते वापरले, तर त्याच्या व्यासाहून बारीक रेघ निघणार नाही, आणि आतले कोपरे बोथट होतील. म्हणून येथे टोकदार, शंकूच्या आकाराचे पाते घेतात. ते थोडेसे रुतवले की बारीक चर पडते. अधिक रुतवले की रुंद. म्हणजे खोलीचीच रुंदी होते! पात्याच्या टोकाचा कोन ६० अंश असेल, तर त्याच्या निम्म्याने ३०-६०-९०चा काटकोन त्रिकोण मिळतो. त्यावरून ३ मिलिमीटर रुंद रेघेला सुमारे २.६ मिलिमीटर खोली लागते, आणि १ मिलिमीटर रुंद रेघेला जेमतेम ०.८७.

ही खोली संगणक अशी ठरवतो. रेघेच्या दोन्ही कडांना आतून स्पर्श करणारे वर्तुळ कल्पा आणि ते रेघेतून पुढे सरकवत न्या. त्याचा केंद्रबिंदू ज्या वाटेने जातो ती पात्याची वाट, आणि त्याच्या त्रिज्येवरून खोली. रेघ निमुळती झाली की वर्तुळ लहान होते व पाते वर उचलले जाते. गुरुजींच्या सहीची शेपटी संपते तेथे त्रिज्या शून्य होते आणि पाते लाकडाबाहेर निघते. कागदावरून टाक उचलावा, तसेच हे घडते. अशा उतरत्या चरीत रंग भरला नाही तरी अक्षर वाचता येते, कारण एका उतारावर उजेड पडतो आणि दुसऱ्यावर सावली.

मात्र याच गुणात एक धोकाही आहे. फळीचे एक टोक अर्धा मिलिमीटर उंच राहिले, तर तेथे पाते तेवढेच अधिक रुतते आणि रेघ जवळजवळ ०.६ मिलिमीटर जाड होते. सहीचे एक टोक लठ्ठ आणि दुसरे रोडके! म्हणून फळी आधी रंधून सपाट करतात आणि शिकंज्यात पक्की बसवतात. पात्याचे टोक फळीला कोठे टेकते, तो 'शून्य' बिंदू कारागीर कागदाचा कपटा मध्ये धरून ठरवतो. कपटा अडकला की टोक टेकले.

वेगाचा हिशेबही सोपा आहे. पाते मिनिटाला १८,००० फेरे घेते, त्याला दोन धारा आहेत आणि मिनिटाला ते १,८०० मिलिमीटर पुढे जाते, असे समजा. म्हणजे प्रत्येक धार दर वेळी ०.०५ मिलिमीटर लाकूड काढते. फार सावकाश नेले तर धार लाकूड कापण्याऐवजी घासत राहते आणि चर जळून काळी पडते. सागवानात वाळूतल्यासारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बोथटते.

लाकडाचे तंतू फळीच्या लांबीला धरून असावेत. जेथे दोन रेघा अगदी जवळ येतात तेथे मध्ये लाकडाची बारीक कड उरते. ती तंतूंच्या दिशेने असेल तर टिकते, आडवी असेल तर तिच्यात तंतूंचे आखूड तुकडेच राहतात आणि ती भुगा होऊन निघते. लाकडाला खोडरबर नाही! म्हणून आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर सही काढून पाहणे बरे.

एक प्रश्न मात्र यंत्र सोडवू शकत नाही. समजा, ती सही गुरुजींच्या आजारपणातली आहे आणि रेघ जागोजागी थरथरली आहे. संगणकात वळणे गुळगुळीत करण्याची सोय असते. ती वापरली की थरथर नाहीशी होते. वापरावी का? माझ्या मते, कागदात फुटलेली शाई आणि धुळीचे ठिपके जरूर काढावेत, कारण ते कागदाचे आहेत. थरथर गुरुजींच्या हाताची आहे, ती राहू द्यावी. तरीही एकदा घरच्यांना विचारून घ्यावे. त्यांना कदाचित गुरुजींच्या धडधाकट दिवसांतली सही हवी असेल, आणि तशी त्यांच्याकडे असेलही.

कोरून झाल्यावर कूस काढून टाकायची आणि जवसाचे तेल लावायचे. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून एकत्र टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या पसरून वाळवा.

यंत्र जवळ नसले तरी यातला एक प्रयोग घरी करता येईल. आजोबांची किंवा आईची सही आलेखकागदावर मोठी करून काढा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीवरचे २० बिंदू निवडा आणि त्यांचे निर्देशक क्रमाने लिहा. लेखणी उचलली असेल तेथे खूण करा. मग सही न दाखवता घरातल्याच कोणाला तरी नुसते आकडे द्या आणि बिंदू जोडायला सांगा. सही ओळखू आली का? नसेल तर ४० बिंदू घेऊन पाहा. सगळे बिंदू सारख्या अंतरावर घ्यायचे, की वळणावर जास्त आणि सरळ रेघेवर कमी, हे तुमचे तुम्हीच शोधून काढा.