छातीतला ठिपका

‘आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, मग माझ्याच छातीत हे कुठून आले?’ विट्यासारख्या गावात हल्ली हा प्रश्न कानावर येतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला एक्स-रे असो, मोटारसायकलवरून पडल्यावर केलेला सीटी स्कॅन असो किंवा २०२० आणि २०२१ या कोविडच्या दोन वर्षांत धडाधड निघालेले छातीचे स्कॅन असोत. शोधायला गेले एक, आणि अहवालाच्या तळाशी जास्तीची ओळ आली: उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरचा नोड्यूल. म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ! त्या एका ओळीने घरातल्यांचे जेवणावरचे लक्ष उडते.

खरे तर अशा गाठी पूर्वीही होत्या, दिसत नव्हत्या इतकेच. साध्या एक्स-रेमध्ये सेंटिमीटरच्या आतली गाठ बरगड्यांच्या आणि हृदयाच्या सावलीत सहज दडून जाते. सीटी स्कॅनला मात्र दोन-तीन मिलिमीटरचा कणही सापडतो. नेदरलँड्समध्ये धूम्रपान न करणाऱ्या सुमारे दहा हजार लोकांची स्कॅनने पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या चाळिसांहून अधिक लोकांच्या फुप्फुसात निदान एक तरी गाठ होती. कर्करोग निघाला तो हजारात तिघांना.

आपल्याकडे या गाठींत क्षयाच्या जुन्या खुणा पुष्कळ असतात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. शरीर त्या जंतूंभोवती भिंत घालते, पुढे तिच्यात चुना साठतो आणि माणसाला पत्ताही नसतो. चुना गाठीच्या मधोमध, थरांथरांनी किंवा लाहीच्या आकारात दिसला, तर डॉक्टर बरेचसे निर्धास्त होतात.

पण ‘मी ओढत नाही’ हे काही अभयपत्र नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. हा आकडा वाचून घाबरून जाणारे मी पाहिले आहेत. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते: कर्जबुडव्यांपैकी निम्मे शेतकरी असले, म्हणून निम्मे शेतकरी कर्जबुडवे ठरत नाहीत. छेद कोणता, ते आधी पाहावे. कर्करोग झालेल्यांत न ओढणारे निम्मे. न ओढणाऱ्यांच्या गाठींत कर्करोग मात्र थोडा.

मग तो थोडा ओळखायचा कसा? गाठीचा आकार, तिची कड, तिची घनता आणि सर्वांत महत्त्वाची तिची वाढ, यांवरून. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली घालून दिलेले नियम बहुतेक ठिकाणी पाळले जातात. एकच घन गाठ ६ मिलिमीटरहून लहान आणि माणसाला विशेष धोका नाही, तर पुन्हा स्कॅनची गरज सहसा नसते. ६ ते ८ मिलिमीटर असेल, तर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. त्याहून मोठी असेल, तर तीन महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन किंवा सरळ तुकडा काढून तपासणी. पूर्वी कर्करोग झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना हे नियम लागू नाहीत.

वाढीचा हिशेब मात्र फसवा असतो. ८ मिलिमीटरची गाठ १० मिलिमीटरची झाली, तर ‘दोनच मिलिमीटर’ म्हणून आपण सुस्कारा टाकतो. पण गाठ म्हणजे गोळा. एवढ्या वाढीत तिचे आकारमान जवळजवळ दुप्पट झालेले असते. कर्करोगाची घन गाठ बहुधा १०० ते ४०० दिवसांत अशी दुप्पट होते. म्हणूनच दोन वर्षे जराही न बदललेली घन गाठ निरुपद्रवी मानतात. काचेवर वाफ धरावी तशी अंधूक दिसणारी गाठ फार सावकाश वाढते, तिच्यावर पाच वर्षे नजर ठेवतात.

याचा अर्थ, सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे जुनी फिल्म. आणि इथेच आमच्या भागाची पंचाईत आहे. विट्याच्या आसपासची गलाई करणारी कुटुंबे केरळपासून पंजाबपर्यंत पसरलेली. एक एक्स-रे एका गावात, दुसरा दुसऱ्या, आणि माणूस म्हातारपणी परत विट्यात. जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये चांदी असते, हे तर आमच्या गावाला कुणी शिकवायला नको! ती विकून येणाऱ्या पैशांपेक्षा दहा वर्षांपूर्वीचा तोच ठिपका तिच्यात दिसणे कितीतरी मोलाचे. हल्ली फिल्मऐवजी सीडी मिळते. ती मागून घ्यावी.

डॉक्टर ‘सिगारेट?’ विचारतात, आपण ‘नाही’ म्हणतो आणि संभाषण संपते. भट्टीपुढे ॲसिडच्या वाफेत किती वर्षे काढली, यंत्रमागावर किती, चुलीपुढे किती, घरात दुसरे कोण ओढत होते, हे आपण होऊन सांगावे. बायकांना तर चुलीचे कुणी विचारतच नाही.

क्षय सर्वत्र असल्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. ठिपका दिसला, की थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. सहा महिने सरतात, गाठ तशीच किंवा मोठी, आणि मग कर्करोगाचा संशय येतो. हा उशीर भारतात अनेक रुग्णांच्या वाट्याला आला आहे. उलट पेट स्कॅनमध्ये गाठ उजळली म्हणजे कर्करोगच, असेही नाही. क्षयाची गाठही तशीच उजळते. म्हणून २०१६ साली आशियातल्या तज्ज्ञांनी स्वतंत्र सूचना केल्या: पेटवर कमी विसंबा, शक्य तिथे सुईने तुकडा काढून पाहा आणि नजर अधिक काळ ठेवा. सुईने कधी कधी फुप्फुसातून हवा गळते, तुकड्यात काही सापडले नाही तरी शंका उरते. पण औषध सुरू करण्याआधी ‘पुरावा काय?’ हे विचारायला रुग्णाने संकोचू नये. आणि निदान कर्करोगाचे झालेच, तर न ओढणाऱ्यांत ईजीएफआर या जनुकातला बदल बराच आढळतो. तो तपासावा, त्यावर गोळ्या आहेत. छोटी गाठ वेळेवर सापडली, तर शस्त्रक्रियेने ती समूळ काढता येते.

नजर ठेवण्यासाठीचा स्कॅन कमी किरणांचा आणि शिरेतून औषध न देता होतो. जमेल तर त्याच यंत्रावर करावा. पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावी, मुलाच्या मोबाइलवर सोडू नये. आमच्याकडे मुलगा बहुधा गलाईला परमुलखात असतो.