विश्लेषण : वाइनच्या राज्यात ताजी बिअर शोधायची कुठे?

पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीची शिफ्ट सुटल्यावर कोणी बिअर शॉपीत गेले, तर तिथे सीलबंद बाटल्या आणि कॅनच मिळतात. लहान प्रमाणात बनवलेली, न गाळलेली ताजी बिअर तिथे मिळत नाही. वाइननिर्मितीत देशात आघाडीवर असलेल्या राज्यात क्राफ्ट बिअर मोजक्या शहरांपुरती का राहिली? आणि ती गोव्यातून आणली तर काय होते?

क्राफ्ट बिअर वेगळी कशी?

बिअरसाठी पाणी, बार्लीचे माल्ट, हॉप्स आणि यीस्ट लागते. मोठ्या कारखान्यात ती गाळून पाश्चराइज केली जाते. त्यामुळे बाटली सहा महिने टिकते आणि ट्रकने कुठेही जाते. छोट्या मायक्रोब्रुअरीतील बिअर बहुधा पाश्चराइज होत नाही. ती सतत थंड ठेवावी लागते आणि काही आठवड्यांतच संपवावी लागते. म्हणून ती जिथे बनते, तिच्या आसपासच प्यायली जाते. दुधासारखाच हा मामला आहे : अंतर वाढले की चव आणि नफा दोन्ही घटतात.

महाराष्ट्र वाइनचे राज्य कसे झाले?

सुरुवात १९८०च्या दशकात नारायणगावात झाली. पुढे नाशिकमध्ये राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्यामागचा युक्तिवाद सोपा होता : वाइन वाढली तर द्राक्षबागायतदाराला दर मिळेल. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला मान्यता दिली, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे होते. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही.

बिअरला हा आधार का नाही?

बार्ली मुख्यतः राजस्थान आणि उत्तर भारतातून येते, तर हॉप्स बहुतांशी परदेशातून. त्यामुळे बिअरमागे महाराष्ट्रातला शेतकरी उभा नाही. राज्यातील बिअरचे मोठे केंद्र छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि तिथे चर्चा होते ती पाण्याची. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता.

इटलीत काय झाले?

वाइनप्रेमी देशात बिअरला जागा मिळू शकते, हे इटलीने दाखवले. बारोलो वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या पिडमाँट प्रांतात, पिओझ्झो या छोट्या गावात तेओ मुस्सो यांनी १९९६ मध्ये ‘बालादिन’ ब्रुअरी सुरू केली. नंतरच्या काळात इटालियन ब्रुअरींनी वाइनशी भांडण न करता द्राक्षाचा रस बिअरमध्ये घातला आणि ‘इटालियन ग्रेप एल’ हा प्रकार जन्माला आला. २०१६ मध्ये तिथे कायद्यानेच व्याख्या केली : स्वतंत्र मालकीची, वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपेक्षा कमी उत्पादन करणारी ब्रुअरी आणि पाश्चराइज न केलेली बिअर, म्हणजे क्राफ्ट बिअर.

महाराष्ट्रात ती कुठे मिळते?

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. तिच्यापाठोपाठ ‘इंडिपेंडन्स’, ‘एफिंगट’, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ ही नावे आली. मुंबईतही हा प्रवाह पोहोचला. २०२० च्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअरींना ग्राउलर, म्हणजे घट्ट झाकणाच्या भांड्यातून, ताजी बिअर घरी देण्याची मुभा मिळाली. तरी शिरोलीपासून पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे आणि एवढ्या प्रवासात बिअर थंड ठेवणे हा खर्चाचा भाग आहे.

गोवा जवळ आहे, मग तिथून आणली तर?

गोव्यातही लहान ब्रुअरी आहेत आणि दरही कमी. पण मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. प्रत्येक राज्याचे उत्पादन शुल्क वेगळे असते. परवान्याशिवाय गोव्यातील मद्य महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. आंबोली, फोंडा, गगनबावडा मार्गांवर ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी कोल्हापूरकरांना नवी नाही. राज्यात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे, हेही लक्षात ठेवावे लागते.

शिरोलीसारख्या ठिकाणी ब्रुअरी शक्य आहे का?

जागा, वीज आणि यंत्रांची देखभाल करणारे कुशल हात इथे आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली परवान्याची. महामार्गालगतच्या मद्यविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ५०० मीटरची मर्यादा घातली. ती नंतर शिथिल झाली, तरी मद्यविक्रीची जागा निवडताना नियम तपासावेच लागतात. दुसरी सांडपाण्याची. यीस्ट आणि धान्याचे अंश असलेले पाणी प्रक्रियेविना सोडले तर नदीतला प्राणवायू घटतो आणि पंचगंगेचे दुखणे आधीच जुने आहे. प्रक्रियेची यंत्रणा उभारायची तर छोट्या उद्योगाचा खर्च वाढतो. उरलेला चोथा मात्र जनावरांना चारता येतो, ही दूधपट्ट्यात जमेची बाजू.

पुढे काय?

वाइनला सवलत मिळाली ती द्राक्षामुळे. बिअरला तसा दावा करायचा तर स्थानिक पीक तिच्यात यायला हवे. पुण्यातील ब्रुअरींनी कोकमासारखे घटक वापरून पाहिले आहेत. कोल्हापूरकडे भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ आहे. तो बिअरमध्ये किती चालेल, हे चव आणि गणित ठरवेल. पण गुऱ्हाळघरांना त्यातून दर मिळणार असेल, तरच धोरणकर्ते या विषयाकडे शेतीचा प्रश्न म्हणून पाहतील. तोपर्यंत ताज्या बिअरचा शोध पुण्याच्या रस्त्यालाच लागतो.