आठशे पानं आणि दोन आठवडे

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये कान दिला, तर ‘आमच्याकडं सगळं अ‍ॅजाइल आहे’ हे वाक्य दोन सुरांत ऐकू येतं. मॅनेजर ते अभिमानानं म्हणतो. टेबलापलीकडच्या टेस्टरला मात्र सांगायचं असतं, की उद्या काय करायचंय याचा आज कुणालाच पत्ता नाही. कामांची नोंद ठेवणाऱ्या ‘जिरा’ या सॉफ्टवेअरवर तिकिटं साठत जातात आणि सकाळची पंधरा मिनिटांची स्टँडअप बैठक पाऊण तास चालते.

योजना की प्रयोग, हा वाद सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुनाच. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी आपल्या निबंधात एकाखाली एक पायऱ्या उतरत जाणारी आकृती काढली. पुढं तिलाच ‘वॉटरफॉल’ म्हणू लागले. गंमत म्हणजे, ही पद्धत जशीच्या तशी वापरणं धोक्याचं आहे, असं रॉइस यांनी त्याच निबंधात बजावलं होतं. तीस महिन्यांचं काम असेल तर आधी दहाएक महिन्यांचा कच्चा नमुना करून बघा, हा त्यांचा सल्ला. लोकांनी आकृती उचलली आणि सल्ला तिथंच ठेवला.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथं जमलेल्या सतरा जणांच्या ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनाम्याचंही तेच झालं. आखलेल्या योजनेमागं जाण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, हे सगळ्यांना पाठ आहे. योजनेलाही मोल आहे, हे त्याखालीच लिहिलंय. ते फारसं कुणी वाचत नाही.

या दोन्ही विसरभोळेपणांची किंमत एफबीआयनं मोजली. तिथला तपास तेव्हा बराचसा कागदी फायलींवर चाले. ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही नवी प्रणाली हवी म्हणून आठशेहून जास्त पानांचा मागण्यांचा दस्तऐवज तयार झाला. तो झाल्यावरही मागण्या बदलतच राहिल्या. शेवटी सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली प्रकल्प गुंडाळला गेला.

पुढच्याच वर्षी ‘सेंटिनेल’ हा नवा प्रकल्प सुरू झाला. चार टप्पे, साडेबेचाळीस कोटी डॉलर, मुदत डिसेंबर २००९. पण २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत चाळीस कोटींहून अधिक डॉलर गेले आणि हाती आले दोनच टप्पे. तेव्हा एफबीआयनं काम कंत्राटदाराकडून स्वतःकडं घेतलं. कंत्राटी माणसं सुमारे २२० वरून ४० वर आणली आणि दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट आखले. दर स्प्रिंटच्या शेवटी चालतं काम दाखवायचं. नुसती टक्केवारी चालणार नाही.

इथं एक बारकावा आहे. या स्प्रिंटांत वाटलेल्या ६७० ‘स्टोरी’, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेनुसार पाडलेली छोटी कामं, काही आकाशातून पडल्या नव्हत्या. त्या सेंटिनेलसाठी आधीच लिहिलेल्या मागण्यांच्या दस्तऐवजाशी जोडलेल्या होत्या. म्हणजे जुनी योजना रद्दीत गेली नाही. तिचे घासाएवढे तुकडे केले गेले. हा प्रयोग जमला त्याचं निम्मं श्रेय त्या कंटाळवाण्या कागदांना द्यायला हवं.

आणि तरीही ठेच लागलीच. ७ नोव्हेंबर २०११ रोजी देशभरातल्या ७४३ जणांना एकाच वेळी प्रणालीवर बसवून चाचणी घेतली, तर ती दोनदा बंद पडली. एवढा भार पेलायला खालची यंत्रसामग्रीच अपुरी होती. प्रोग्राममधली चूक पुढच्या स्प्रिंटमध्ये निस्तरता येते. सर्व्हर दोन आठवड्यांत मंजूर होऊन, खरेदी होऊन, बसत नाहीत. सेंटिनेल प्रणाली सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुली झाली १ जुलै २०१२ रोजी, मूळ मुदतीनंतर अडीच वर्षांनी.

जे उलटवायला स्वस्त आहे ते करून बघावं, आणि ज्याला महिने लागतात ते आधी आखावं, असा या प्रकरणाचा सरळ अर्थ निघतो. पडद्यावरचं बटण कुठं असावं यावर तासभर खल कशाला? दोन ठिकाणी ठेवून बघा. अनोळखी तंत्र झेपेल का, ही शंका असेल तर ‘स्पाइक’ करा: एक-दोन दिवसांची मुदत घालून केलेला प्रयोग. त्यातून उत्तर घ्यायचं आणि लिहिलेला कोड बिनदिक्कत टाकून द्यायचा. क्लायंटची मंजुरी, सुरक्षेची तपासणी, जुन्या माहितीचं स्थलांतर या गोष्टी मात्र कॅलेंडरवर पहिल्या दिवशीच लिहाव्या लागतात.

येत्या सोमवारी स्प्रिंट प्लॅनिंगला बसणाऱ्यांनी पॉइंट मोजण्याआधी एवढंच विचारावं: सर्व्हरची ऑर्डर कुणी दिलीय, आणि कधी?