बार्शी लाइटच्या ठाण्यावर जेवण

जुन्या रेल्वेस्थानकात जेवत गाड्या पाहाव्यात, ही हौस मला पटते. मुंबईत २०२१ साली सीएसएमटीच्या आवारात जुन्या डब्याचे उपाहारगृह झालेही. तेरच्या परिसरात हे जमेल का? एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट १८९७मध्ये धावली, १९११मध्ये लातूरला पोचली. धाराशिव मात्र तिच्या वाटेवर नव्हते. ब्रॉडगेज करताना मार्ग तिकडे वळवला आणि पांगरी-येडशीदरम्यानची जुनी वाट ओस पडली. तिथे पिठलं-भाकरी मिळेल, गाडी दिसणार नाही. म्हणून हॉटेल हवेच असेल तर तेरजवळच्या ढोकीसारख्या चालत्या स्थानकात. ‘पेरिप्लस’मध्ये तगरचा, म्हणजे तेरचा, माल गाड्यांतून भडोचला गेल्याची नोंद आहे, या छोट्या गाडीची वाट मात्र काटेरी झुडपांत शोधावी लागते.