अंदमानला जाताय? कोणती बोट घ्यायची, कोणती सोडायची आणि चढण्याआधी काय बघायचं?

अंदमानची ट्रिप ठरली की आपल्याकडे सगळ्यात आधी विमानाची तिकिटं बघितली जातात, मग हॉटेल. सेल्युलर जेल तर यादीत पहिल्या क्रमांकावर असतंच. बोटीचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणून सोडून दिलं जातं आणि ट्रिप नेमकी तिथेच फसते.

कारण अंदमानात बोट म्हणजे फक्त मजा नाही, तो तिथला रस्ता आहे. अंदमान-निकोबारमध्ये छोटी-मोठी मिळून ८३६ बेटं, बेटुकली आणि खडक आहेत. विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला. पण इन्स्टाग्रामवर दिसणारा पांढऱ्या वाळूचा राधानगर बीच आहे हॅवलॉक बेटावर, आणि तिथे जायचं तर समुद्र ओलांडावा लागतो. (२०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. बोलण्यात अजून जुनीच नावं चालतात, तिकिटावर मात्र नवी दिसू शकतात. गोंधळू नका.)

मग कोणती बोट कशासाठी? एकेक समजून घेऊया.

सरकारी बोट की खासगी?

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर साधारण ७० किलोमीटर. ते पार करायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, सरकारी फेरी. या बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात. वेळ जास्त लागतो, अडीच तास किंवा त्याहून थोडा अधिक. पण तिकीट काहीशे रुपयांत मिळतं आणि बऱ्याच बोटींत डेकवर उभं राहून वारा खात जाता येतं. अडचण एकच. या बोटी मुळात बेटांवर राहणाऱ्यांसाठी आहेत. शाळा, दवाखाना, बाजार, सगळ्यासाठी ते याच बोटीवर अवलंबून असतात, त्यामुळे तिकिटात त्यांना प्राधान्य मिळतं. पर्यटकांच्या वाट्याची तिकिटं हंगामात पटकन संपतात.

दुसरा मार्ग खासगी कॅटामरानचा. मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा कंपन्यांच्या बोटी आहेत. बहुतेक बोटी दीड-दोन तासांत पोचवतात, एसी असतो, सीट ठरलेली असते आणि बुकिंग ऑनलाइन होतं. तिकीट साधारण दीड हजारापासून पुढे, वर्गाप्रमाणे वाढत जातं. बऱ्याच बोटींत प्रवासभर आतच बसावं लागतं. काचेतून समुद्र दिसतो, वारा लागत नाही. उघडा डेक हवा असेल तर तो असलेली बोट आधीच शोधून बुक करा.

सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील आणि दिवस मोजके असतील तर खासगी बोट सोयीची. वेळ हाताशी असेल, बजेट कमी असेल आणि बेटावरच्या माणसांसोबत प्रवास करायची हौस असेल तर सरकारी बोट. डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर दोन्हींची तिकिटं हॉटेलच्या आधी बघा. बोट मिळाली नाही तर हॅवलॉकचं बुक केलेलं हॉटेल काय कामाचं?

कॅटामरानमध्ये बोट लागत नाही, हे खरं का?

अर्धं खरं.

‘कॅटामरान’ हा शब्द मूळ तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. अर्थ, एकत्र बांधलेली लाकडं. तमिळ कोळी ओंडके बांधून त्यावर समुद्रात जायचे. आजच्या कॅटामरानला खाली दोन समांतर सांगाडे असतात आणि वर बसायची जागा. दोन पायांवर फाकून उभं राहिल्यावर जसा तोल नीट राहतो, तसंच. त्यामुळे ती डावी-उजवीकडे कमी डोलते. पण समोरून मोठ्या लाटा आल्या की वेगामुळे आपटत जाते आणि पोटात गोळा येतोच.

बोट लागण्याचं कारण पोटात नाही, डोक्यात असतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की शरीर हलतंय, आणि समोरची सीट किंवा मोबाइल बघणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून बोटीत रील एडिट करत बसणारा सगळ्यात आधी पिशवी मागतो!

उपाय सोपे आहेत. बोटीच्या मधल्या भागातली, शक्यतो खालच्या मजल्यावरची सीट घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी असते. नजर क्षितिजावर ठेवा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंब भरूही नका. बरोबर आलेपाक ठेवा. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

एका दिवसाच्या बोट ट्रिपमध्ये कोणती निवडायची?

एजंटच्या यादीत सगळ्याच ट्रिप ‘मस्ट डू’ असतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

रॉस आणि नॉर्थ बे: पोर्ट ब्लेअरच्या अ‍ॅबर्डीन जेटीवरून या ट्रिप निघतात. रॉस हे ब्रिटिशांच्या काळातलं प्रशासनाचं ठिकाण. आज तिथे वडाच्या मुळांनी गिळलेल्या इमारती आणि माणसाळलेली हरणं आहेत. इतिहासाची आवड असेल तर चुकवू नका. नॉर्थ बे म्हणजे जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर दीपगृहासह दिसणारा किनारा. तिथे गर्दी असते आणि सगळा भर वॉटर स्पोर्ट्सवर असतो.

जॉली बॉय: प्रवाळ बघायचे असतील तर ही ट्रिप. हे बेट वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन विभागाचा परवाना लागतो, रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते, प्लास्टिक न्यायला बंदी आहे. बेटावर हॉटेल नाही, टपरी नाही, डबा बरोबर न्यावा लागतो. पावसाळ्याकडच्या महिन्यांत जॉली बॉय बंद असतं, तेव्हा रेड स्किन हे दुसरं बेट खुलं केलं जातं. आलटून पालटून बंद ठेवल्यामुळे प्रवाळांना उसंत मिळते.

एलिफंट बीच: हॅवलॉकच्या जेटीवरून बोटीने अर्ध्या तासाच्या आत. पहिल्यांदाच स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी ठीक. जंगलातून पायवाटही आहे, पण पावसात ती चिखलाची होते.

बाराटांग: मॅन्ग्रोव्हच्या खाडीतून स्पीडबोटीने चुनखडीच्या गुहांकडे. फोटो सुंदर येतात, पण आदल्या रात्रीच झोप मोडावी लागते. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो, गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. वाटेत थांबायला आणि फोटो काढायला सक्त मनाई आहे. ही सफारी नाही, कुणाच्या तरी घरासमोरून जाणारा रस्ता आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अंदमान मुंबईच्या कितीतरी पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ‘जेवून निघू’ म्हणालात तर दिवस गेला.

काचेच्या तळाची बोट आणि सेमी सबमरीन

पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, अशांसाठी हे दोन पर्याय आहेत. काचेच्या तळाच्या बोटीत मधोमध काच असते, तिच्यातून खालचे प्रवाळ आणि मासे दिसतात. ऊन वर आलेलं आणि पाणी शांत असेल तरच. ढगाळ हवेत किंवा पाणी गढूळ असताना हिरव्या काचेशिवाय काही दिसत नाही.

सेमी सबमरीन हे नाव ऐकून पाणबुडीत बसायला मिळेल असं वाटतं. ती बुडी मारत नाही. तिचा खालचा भाग कायम पाण्याखाली असतो आणि तिथे खिडक्यांपाशी बसून बघायचं असतं. बंद जागेत घुसमटणाऱ्यांनी आधी विचार करावा.

दोन्हींमध्ये ‘आज पाणी कसं आहे?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

आणि क्रूझ?

अंदमानात ‘क्रूझ’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. कधी त्याचा अर्थ हॅवलॉकची कॅटामरान असतो, कधी संध्याकाळची तास-दोन तासांची फेरी. पॅकेजमध्ये ‘क्रूझ समाविष्ट’ लिहिलं असेल तर बोटीचं नाव, वेळ आणि जेवण आहे का, हे लिहून घ्या.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला प्रवासी जहाजंही जातात. साधारण अडीच ते चार दिवस लागतात. पण ती तरंगती हॉटेलं नाहीत, ती बेटांना मुख्य भूमीशी जोडणारी वाहतूक आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: चढण्याआधी काय बघायचं?

२६ जानेवारी २०१४. पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट बुडाली. २१ जणांचा जीव गेला. बोटीत बहुतेक पर्यटक तमिळनाडूचे होते, काही मुंबईचेही. सुमारे २५ जणांची क्षमता असलेल्या बोटीत ४० हून जास्त माणसं होती.

१८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. धडक हे कारण वेगळं होतं. पण तेव्हाही बोटीत परवानगीपेक्षा जास्त प्रवासी होते आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

म्हणून या चार गोष्टी बघाच:

१. बोटीवर क्षमता लिहिलेली असते, ती वाचा आणि डोकी मोजा. जास्त वाटली तर उतरा. मागून दुसरी बोट येते.

२. लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगात हवं. बक्कल लावलेलं हवं. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचं मागा, मोठं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

३. फोटोसाठी सगळे एका बाजूला जाऊ नका. छोटी बोट नेमकी अशीच कलते.

४. नाव नोंदवून, पावती घेऊन चढा. कुणाचं नाव कुठेच नसेल तर अपघातानंतर शोधायचं कुणाला?

समुद्राने ‘नाही’ म्हटलं तर?

डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे फेऱ्या थांबल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. शेवटी नौदलाला जहाजं पाठवावी लागली. साधारण जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो, मे महिन्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस अंदमानात पोचतो. तरी हमी कुठल्याच महिन्याची नाही.

यावर उपाय एकच. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहा. ज्या दिवशी विमान, त्याच दिवशी हॅवलॉकहून बोट, असा प्लॅन स्वस्त पॅकेजमध्ये सर्रास असतो. तो आधीच बदलून घ्या. फेरी रद्द झाली तर पैसे परत कसे मिळणार, हेही बुक करतानाच विचारा.

आणि बोटवाला ‘आज नाही जाणार’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याचं त्या दिवसाचं उत्पन्न बुडालेलं असतं, तरी तो नाही म्हणतोय. त्या दिवशी त्याचं ऐकणं शहाणपणाचं.