सुहैल का उगवला नाही?

२८ फेब्रुवारी हा आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण पाहण्यासाठी शाळाशाळांतून मुले येतात. एका वर्षी मीही शिरूर आणि दौंड येथील काही मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या या दुर्बिणीला आहेत. त्यांतील पहिली तबकडी पाहूनच मुले थक्क झाली. पण एकाने लगेच विचारले, "सर, डोळा कुठे लावायचा?"

ही दुर्बीण डोळ्याने पाहण्याची नाही, ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते, हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. तेव्हा परतीच्या वाटेवर मी मुलांना सांगितले, "तारे ओळखायला शिकायचे असेल तर दुर्बीणही लागत नाही. ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांना एक पैसाही खर्च न करता आकाशाचा नकाशा मिळू शकतो."

असे विनामूल्य सॉफ्टवेअर एकच नाही, बरीच आहेत. 'सेलेस्टिया' आपल्याला पृथ्वी सोडून शनीजवळ, दूरच्या ताऱ्यांजवळ घेऊन जाते. ते गंमतीचे आहे. पण आपल्या गच्चीवरून आज काय दिसेल, हे जाणून घ्यायला ते फारसे सोयीचे नाही. 'कार्त द्यू सिएल' कागदी नकाशासारखे आहे आणि जुन्या संगणकावरही बरे चालते. नवशिक्यांना मात्र मी 'स्टेलॅरियम' सुचवतो. ते उघडले की पडद्यावर जमीन, क्षितिज आणि वर खरोखरीचे वाटावे असे आकाश दिसते. त्यात ६ लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद आहे. फाबियाँ शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली ते तयार करायला सुरुवात केली. पुढे अनेक देशांतील लोकांनी त्यात भर घातली. ते कोणीही वापरावे, दुसऱ्याला द्यावे, त्याची आतली रचना पाहून बदलावी, अशी मोकळीक आहे. उर्दूत सांगायचे तर हे सॉफ्टवेअर मुफ्तही आहे आणि आझादही.

ते घेताना मात्र एक काळजी घ्या. स्टेलॅरियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ते डाउनलोड करा. आमच्या एका मुलाच्या मोठ्या भावाने घाईत भलत्याच ठिकाणाहून ते उतरवले. त्याबरोबर नको असलेले दोन-तीन प्रोग्रॅमही संगणकात शिरले आणि पडद्यावर जाहिराती येऊ लागल्या. कोणी पैसे किंवा कार्डाचा क्रमांक मागू लागले, तर आपण चुकीच्या दारात उभे आहोत असे समजा. तसेच आपला संगणक किती जुना आहे हे आधी पाहा. नवी आवृत्ती त्यावर चालत नसेल, तर त्याच संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्याही ठेवलेल्या असतात. बाकी काम सोपे आहे. फाइल उघडा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या आणि थोडा वेळ थांबा.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. चार दिवसांनी दौंडचा एक विद्यार्थी तक्रार घेऊन आला. "सर, हे सॉफ्टवेअर खोटे आहे. मी त्यात सुहैल शोधला. तो कधीच उगवत नाही, असे ते सांगते!"

सुहैल हे नाव तुमच्या वर्गातही असेल. मराठीत या ताऱ्याला अगस्त्य म्हणतात. रात्रीच्या आकाशातील हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे. पहिला व्याध. सुहैल फार दक्षिणेला आहे, त्यामुळे जसजसे उत्तरेकडे जावे तसतसा तो क्षितिजाकडे झुकत जातो. श्रीनगरमध्ये तो जेमतेम क्षितिजावर डोके काढतो आणि ३७ अंश अक्षांशाच्या बऱ्याच पुढे गेले, की दिसतच नाही. पण दौंडला तो दिसलाच पाहिजे!

मी त्या मुलाच्या घरी जाऊन पाहिले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ठिकाण लिहिले होते, पॅरिस. संगणकाला इंटरनेट जोडलेले नव्हते. आपण कोठे आहोत हे कळले नाही, की स्टेलॅरियम आपल्या जन्मगावचे आकाश दाखवते. पॅरिसचा अक्षांश सुमारे ४९ अंश उत्तर आहे. तेथे सुहैल खरोखरच कधी उगवत नाही. सॉफ्टवेअर खरे बोलत होते, पण दुसऱ्या गावाबद्दल.

म्हणून पहिले काम ठिकाण भरण्याचे. एफ-६ हे बटण दाबले की ठिकाणाची चौकट उघडते. शिरूरसाठी १८.८३ उत्तर, ७४.३८ पूर्व आणि दौंडसाठी १८.४६ उत्तर, ७४.५८ पूर्व असे आकडे भरा. यादीतून नाव निवडणार असाल तर जपून, कारण बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. 'मुंबई ठेवली तर काय बिघडते?' असेही काही जण विचारतात. मुंबईपेक्षा दौंडला तारे सुमारे सात मिनिटे आधी उगवतात. रमजानमध्ये दोन्ही गावांच्या इफ्तारच्या वेळेत फरक असतो, तो याच कारणाने. दुसरे काम तारीख आणि वेळ तपासण्याचे. जुन्या संगणकातील सेल संपला असेल तर त्याची तारीख मागे जाते आणि आकाशही चुकते.

मग पडद्यावरचे आकाश खऱ्या आकाशाशी ताडून पाहा. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. आपला अक्षांश जितका, साधारण तितक्याच उंचीवर ध्रुवतारा असतो. म्हणजे आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी. २८ फेब्रुवारीच्या सुमारास रात्री साडेआठ वाजता दक्षिणेला तोंड करून उभे राहा. उंचावर व्याध दिसेल. त्याच्या खाली साडेतीन मुठींवर जो तेजस्वी तारा दिसेल, तोच सुहैल. तोही क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा कमी उंच असतो.

म्हणजे त्या वेळी आपल्या मागे ध्रुव आणि पुढे सुहैल, दोघे जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात! ही गंमत सगळीकडे नसते. उत्तर ध्रुवबिंदू आणि सर्वांत उंच चढलेला सुहैल यांची उंची नेमकी सारखी होते, ती सुमारे १८.६५ अक्षांशावर, आणि ही रेषा शिरूर आणि दौंड यांच्या मधून जाते. फरक इतका लहान, की मुठीने तो मोजता येत नाही. पण संगणकावर दोन्ही गावे आळीपाळीने भरून आकडे पाहता येतात.

ठिकाण दुरुस्त केल्यावर त्या मुलाने तेच केले. दुसऱ्या दिवशी तो शिरूरच्या मुलांना सांगत होता, "तुमच्याकडे ध्रुव वर, आमच्याकडे सुहैल वर."